हवेवरचा खटला

"हालू नोको! अबे, हालू नोको म्हनतो ना! मास्तर, तू हालून राह्यला!"

भोंग्यातला हा आवाज दीड किलोमीटरवरच्या एका गच्चीवरून निघाला होता. पण मे महिन्यातल्या अकोल्याच्या भर दुपारी बाकी कुठला आवाज शिल्लकच नसतो, त्यामुळे तो वाटेत कुठेही न थांबता थेट माझ्या कानात शिरला. मी नांगरून तापत टाकलेल्या काळ्याभोर वावराच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होतो. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, हातात माझ्या दीडपट उंचीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू. दुपट्टा ओला म्हणजे घरातून निघताना ओला. फाटकापर्यंत तो वाळला, रस्ता ओलांडेपर्यंत कडक झाला, आणि वावरात पोचलो तेव्हा कुणी टिचकी मारली असती तर पापडासारखा वाजला असता.

"मी हाललो नाही!" मी माझ्या भोंग्यातून ओरडलो. काकांनी एका भाजीवाल्याकडून भोंग्यांची जोडीच आणली होती. एक हुकूम सोडायला, दुसरा ऐकल्याचं कळवायला. "मी नाही हाललो! हवा हालली!"

पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं, म्हातारा उन्हानं पडला. मग भोंग्यातून अगदी हळवा, लग्नात मुलीचा बाप बोलतो तसा आवाज आला.

"पुन्हा म्हना."

"हवा हालली!"

"अजून एक डाव, मास्तर! जोरात म्हना! साऱ्या अकोल्याले ऐकू जाऊ द्या!"

रागात मी 'अबे' असायचो आणि आनंदात 'मास्तर, तुमी'. एका दुपारभरात हे चार-पाच वेळा बदलायचं. मी त्याच्यावरूनच प्रयोग कसा चाललाय ते ओळखायचो.

भोंग्यातले हे काका माझे घरमालक. मी अमरावतीचा. अकोल्याला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला लागलो आणि वावराच्या कडेला असलेल्या शेवटच्या घराची मागची खोली घेतली. खोली दाखवताना काकांनी पंखा, मोरी, खिडकी काही दाखवलं नाही. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं आणि छताकडे बोट केलं. तिथं कोळ्याचं एक भलंमोठं जाळं होतं आणि त्याच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहिला होता: सात.

"याले हात लावायचा नाही," ते म्हणाले. "बाकी खोली तुमची."

त्या घरात अशी एकवीस जाळी होती. रणगाड्याच्या दुर्बिणीत निशाण धरायला बारीक फुलीसारख्या रेघा असतात. काकांचं म्हणणं, जुने कारागीर त्या रेघांसाठी कोळ्याचा धागा ताणत, आणि तसा धागा आजही कुठल्या कारखान्याला जमत नाही. सात नंबरचा कोळी म्हणजे त्यांचा हिरा. त्याचा धागा असा सरळ निघायचा की काका त्याला "आमचे इंजिनियर" म्हणत. दिवाळीच्या साफसफाईला काकू झाडू घेऊन दारात उभ्या राहायच्या, काका हात पसरून जाळ्यापुढे उभे राहायचे आणि शेवटी काकू फरशी पुसून परत जायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी त्या बाईनं आपल्या घराचं छत पुरतं पाहिलेलं नव्हतं.

"माहेरी अमरावतीले सांगतलं होतं, मुलगा मिल्ट्रीत हाये," काकू मला चहा देताना म्हणाल्या. "कोळी पाळते हे नाही सांगतलं."

गल्ली त्यांना मेजर म्हणायची. ते मेजर नव्हते, आणि तसं कुणी म्हटलं की त्याला थांबवून दुरुस्त करायचे. "मेजर बंदूक चालवते. मी मेकॅनिक. मेकॅनिक बंदुकीले डोये देते." लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सारी नोकरी दुर्बिणी, पेरिस्कोप आणि रणगाड्यांच्या साइट दुरुस्त करण्यात घालवली होती. साइट म्हणजे ज्या नळीतून गनर निशाण धरतो ती. काचेला त्यांनी उभ्या आयुष्यात बोट लावलं नव्हतं. सात वेळा धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे, आणि पुसण्याआधी काचेवर इतक्या प्रेमानं श्वास सोडायचे की काकू तोंड फिरवायच्या. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी लोलक ओळीनं मांडलेले असत. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन आत आलं की भिंतीवर, कॅलेंडरवर, देवघरातल्या गणपतीच्या सोंडेवर सप्तरंग सांडायचे आणि सूर्याबरोबर हळूहळू सरकत जायचे. मी पेपर तपासायला म्हणून तिथं बसायचो. हातातल्या उत्तरपत्रिकेवरून जांभळा रंग निघून हिरवा येईपर्यंत मी बघत राहायचो, आणि त्या वर्षी अकोल्यातली बरीच नापास पोरं या एका कारणानं पास झाली.

आता ऊन. अकोल्याच्या उन्हाबद्दल काही सांगितलं की माझे पुण्याचे मित्र म्हणतात, तू वाढवून सांगतोस. वाढवतो ना. दुर्बीणसुद्धा वाढवूनच दाखवते, तिला कुणी खोटारडी म्हणत नाही. आमच्याकडे मे महिन्यात कावळे पायी जातात. पाल भिंतीवर एका वेळी दोनच पाय टेकते. कुत्री सावलीसाठी आदल्या संध्याकाळी दगड ठेवून जागा धरतात. आणि दुपारी बारानंतर त्या काळ्या वावरात एक तळं उतरतं.

ते मी पहिल्यांदा गच्चीवरून पाहिलं तेव्हा कठड्याला धरून उभा राहिलो. सकाळी जिथं ढेकळं होती तिथं पाणी. स्वच्छ, चकाकणारं, काठावर हळूच लाटा येणारं. पलीकडचा पळस आपल्याच डोक्यावर उभा. दुधाचे कॅन लावून जाणारा मोटारसायकलवाला छातीपर्यंत पाण्यात बुडाला, मग नुसता फटफटीशिवाय हवेतून गेला, आणि रस्त्याला लागल्यावर पुन्हा अख्खा झाला. एक बकरी आठ पायांनी चरत होती. सगळं गाव पातळ होऊन हलत होतं, जसं काही ते गाव कुणाला झोपेत दिसत होतं आणि तो माणूस कूस बदलत होता.

"किती सुंदर आहे," मी म्हणालो.

"सुंदर?" काका म्हणाले. "मास्तर, ते आरोपी हाये."

हा खटला समजल्याशिवाय काका समजत नाहीत, म्हणून तो सांगतो. मला तो त्यांनी इतक्या वेळा सांगितलाय की मी झोपेतही सरकारी वकील होऊ शकतो.

राजस्थानच्या वाळवंटात रणगाड्यांची नेमबाजी होती. पलटणी-पलटणींचा सामना. काकांनी आदल्या दिवशी एका रणगाड्याची साइट तपासली, बरोबर असल्याची सही केली. दुसऱ्या दिवशी त्या रणगाड्यावरच्या गनरनं शेवटचा गोळा सोडला तो निशाणाच्या अलीकडं वाळूत गेला. त्या एका गोळ्यावर ढाल गेली. चौकशी बसली. गनर अख्ख्या चौकशीत एकच वाक्य बोलला: "जिथं दिसलं, तिथंच मारलं." म्हणजे दोष साइटचा. काकांना बोलावलं. काका म्हणाले, साइट चोख आहे. सही दाखवली. साहेबांनीही साइट तपासली, चोखच निघाली. आता दोन माणसं खरं बोलत असली की चौकशीची पंचाईत होते, एकाला तरी खोटं ठरवावंच लागतं. गनरच्या कागदावर शेरा पडला, 'निष्काळजी'. त्याला रणगाड्यावरून उतरवून लंगरात धाडलं. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. उरलेली नोकरी त्यानं पोळ्या लाटण्यात काढली.

"माह्या एका सहीनं त्याच्या हाती बेलनं दिलं," काका म्हणायचे. इथं त्यांचा आवाज दर वेळी खाली यायचा. "तो माणूस खोटा बोलनारा नाही, मास्तर. अन् मी खोटी सही केली नाही. मंग खोटं कोन बोललं?"

मग ते बोट वर करायचे आणि त्या बोटाभोवती हवेत एक गोल काढायचे.

तापलेल्या जमिनीवरची हवा उजेडाला वाकवते. त्यामुळे दूरची वस्तू असते एकीकडे आणि दिसते जरा खाली. गनर दिसेल तिथं मारणार, गोळा अलीकडं पडणार. म्हणून काका सतरा उन्हाळे एक यंत्र बांधत होते. दोन नळ्या, एक खाली, एक वर. खालच्या नळीतून पाहिलं तर हवा जास्त लुकलुकते, वरच्या नळीतून कमी. या दोन लुकलुकींतला फरक एक सर्किट मोजतं, काट्यावर दाखवतं, आणि बारकी मोटर मधला लोलक तेवढाच केसभर वाकवते. की निशाण आपल्या खऱ्या जागेवर येऊन उभं. सर्किट त्यांनी स्वतः जुळवलं होतं, मोटर एका सीडी प्लेयरमधली, मोठी भिंगं भंगारातल्या झेरॉक्स मशीनची, नळ्या वावरातल्या पाइपाच्या आणि फुलीचा धागा आमच्या सात नंबरच्या इंजिनियरचा. जगातल्या कुठल्याही सैन्याकडे असं यंत्र नाही, असं ते म्हणायचे. तसं दिसणारं तर नक्कीच नव्हतं.

"तुम्ही त्या दिवशी मैदानावर होता का, काका?" मी एकदा विचारलं.

"मी? मी मांगं. दहा मैल मांगं, वर्कशॉपच्या गाडीत."

"मग तिथं ऊन किती होतं हे..."

"मास्तर! मे महिना. वाळवंट. तठी काय बरफ पडते? तुमी व्याकरन शिकवा."

उन्हाबद्दल त्यांना शंका कधीच शिवली नाही. आभाळ, त्यांच्या भाषेत 'आभाय', हा त्यांचा सुट्टीचा वार होता. ढग दाटले की यंत्रावर धोतराचं फडकं टाकायचे आणि आडवे व्हायचे. "आभायाच्या दिवशी हवा शहानी असते. तापलीच नाही तं खोटं कायले बोलंन?"

तो गनर धामणगाव रेल्वे या गावचा. वर्षातून एकदा, आंब्याच्या दिवसांत यायचा. उंच, वाळकुडा, मिशा पांढऱ्या, बोलणं जवळजवळ नाहीच. पोळ्या लाटता लाटता तो पंचक्रोशीतला नावाजलेला आचारी झाला होता. लोक त्याची तारीख मिळाल्याशिवाय मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढत नसत. आला की पहिल्यांदा अंगणात गोवऱ्या पेटवायचा आणि रोडगे लावायचा. निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजतात ते रोडगे सगळेच करतात, पण तो ते जवळ जाऊन ठेवायचा नाही. पाच हातांवर उभा राहून एकेक गोळा टाकायचा. प्रत्येक गोळा ठरल्या जागी, निखाऱ्यांच्या बरोबर मधोमध. राख उडायची नाही, की एक दुसऱ्याला लागायचा नाही.

काका शेजारी खाट टाकून आपला खटला सुरू करायचे. "ऊन कसं होतं रे गनर? डोक्यावर नुस्ती आग, नाही?"

गनर चिमट्यानं रोडगा उलटवायचा. "सरका थोडे. जयतीन."

आणि काका माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगायचे, पाहा, अजून बोलवत नाही त्याच्यानं.

संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेला काका दर वर्षी पत्र लिहीत. मी आल्यापासून ती पत्रं शुद्ध करायचं काम माझ्याकडे. मी त्यातून 'लबाड हवा' काढायचो, ते पोस्टात टाकण्याआधी पुन्हा घालायचे. आणि एका वर्षी चक्क उत्तर आलं. एक शास्त्रज्ञ बाई नागपूरला जाताना वाटेत दोन तास थांबतील, यंत्र पाहतील.

त्या रात्री काका जेवले नाहीत. मला म्हणाले, "मास्तर, मले पदक नोको. यंत्र तुमी फुकट घेऊन जा, म्हनीन. त्या बाईनं फक्त एक ओळ लिहून द्यावी. तापल्या हवेनं इतक्या अंतरावर निशान इतकं सरकते. बस. तो कागद मी पलटनीले धाडतो अन् त्याच्या नावावरचा शेरा खोडून मांगतो. तो मरायच्या आंधी. नाही तं मी मरायच्या आंधी."

मे महिना त्यांनी मुद्दाम मागून घेतला होता, दुपारी बारा ही वेळही. गनरला धामणगावहून बोलावलं. तो आदल्या दिवशीच आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट वेगळ्या पिशवीत घेऊन.

आणि आता माझा भाग. हा मी आजवर कुठं लिहिला नाही.

त्या दिवशी सकाळी नऊलाच काका जुना कोट घालून हायवेच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले. फोनमधल्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. बाईंची गाडी ते स्वतः घेऊन येणार होते. मागं पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे. मी खुर्च्या मांडल्या, गच्चीवर चादरीचा मांडव बांधला, पन्हं गार करत ठेवलं. इतक्यात ज्यांच्या वावरावरून यंत्र बघायचं होतं ते वावरवाले भाऊ कुंपणापाशी आले. चेहरा चिंतेत.

"मास्तर, सरकारी पाव्हने येऊन राह्यले. अन् माह्या वावराची धूय त्यायच्या डोयात? बरं दिसते का? बाई मानूस, पुन्याकडची. फफोले येतीन तिले."

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की दारापुढे पाणी मारायचंच. ज्याच्या दारात पाहुण्याच्या पायाला चटका बसला त्याच्याबद्दल गाव पुढच्या तीन पिढ्या बोलतं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट आपल्याला आधी सुचलं नाही याची लाज वाटली.

"मारा की, भाऊ," मी म्हणालो. "मोकळ्या हातानं मारा."

भाऊंची विहीर मोठी. त्यांनी तुषारचे बारा फवारे लावले. पाइप सरकवायला मी स्वतः गेलो. अनवाणी, पँट वर दुमडून, गाणं म्हणत. साडेअकरापर्यंत सगळं वावर न्हाऊन निघालं. काळी ढेकळं म्हशीच्या पाठीसारखी चमकत होती. कुठून तरी दोन बगळे येऊन उतरले. मी गच्चीवर गेलो तेव्हा खरंच गार वारा येत होता आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बाराला गाडी आली. बाई साध्या, पायात बूट, हातात वही. काकांनी भाषण पाठ केलं होतं ते सगळं म्हटलं, 'लबाड हवा' सकट. पलीकडच्या टोकाला बांबू धरून भाऊ उभे. गनर इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यापाशी, सावधान उभा असल्यासारखा. काकांनी धोतराचं फडकं काढलं, काचेवर श्वास सोडला, पुसलं.

"आंधी बंद करून पाहा, मॅडम. बांबू कसा नाचते ते पाहा."

बाईंनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"छान दिसतोय," त्या म्हणाल्या. "एकदम स्थिर."

"नाही नाही, यंत्र बंद हाये."

"हो. बंदच आहे. स्थिर आहे."

काकांनी डोळा लावला. मग चालू करून काटा पाहिला. काटा शून्यावर आडवा झोपला होता. त्यांनी टिचकी मारली. पुन्हा मारली.

"बारा वाजता शून्य? अकोल्यात?"

मग त्यांनी डोकं वर केलं आणि नाकपुड्या फुलवून वास घेतला. पहिल्यांदाच त्यांनी नळी सोडून नुसत्या डोळ्यांनी वावराकडे पाहिलं. आयुष्यभर नळीतून बघणाऱ्या माणसाचं असंच होतं. त्यांनी भोंगा उचलला.

"पानी कोनं मारलं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर पलीकडून भाऊंचा अभिमानानं भरलेला आवाज आला.

"मी मारलं! पाव्हन्यासाठी! मॅडमले गार वाटते का नाही?"

बाई बिचाऱ्या सभ्य. त्यांनी काकांच्या हातातला भोंगा घेतला आणि म्हणाल्या, "हो, खूप छान गार वाटतंय. थँक यू."

मी तोंड मिटलं. पुढं ते उघडलं नाही.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, फोटोला बसतात तसे. बाई एक वाजेपर्यंत थांबल्या. वावर हललं नाही. बगळे तेवढे चालत होते, आणि ते जसे होते तसेच दिसत होते. बाईंना नागपूरला पोचायचं होतं. त्या म्हणाल्या, "मी जे पाहिलं तेच लिहू शकते, काका." काका म्हणाले, "हाव. तसंच लिहायचं असते. मीबी तसंच लिहिलं होतं." बाईंनी लिहिलं आणि वहीतलं पान फाडून दिलं. काकांनी ते आमच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. 'यंत्र शून्यावर उत्तम स्थिर राहते. हवेमुळे निशाण सरकल्याचे आढळले नाही.'

ज्या कागदानं गनर सुटायचा होता, त्या कागदानं हवा सुटली.

शेवटी गनरच पुढं झाला. "मॅडम, जेवून घ्या," तो म्हणाला. "रोडगे थंडे होतीन." बाई जेवल्या, दोन रोडगे बांधून घेतले, गेल्या. काका गच्चीवर तसेच बसून राहिले. मी जिन्याच्या पायरीवर बसलो, खाली जायची हिंमत नव्हती आणि वर जायचीही.

काळी माती मेमध्ये पाणी ठेवत नाही, पिते. साडेतीनला काकू पन्ह्याचा ग्लास घेऊन वर आल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग वावराकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं तळं आलं."

आलं होतं. नेहमीपेक्षा मोठं, नेहमीपेक्षा निळं. पळस उलटा झाला होता. बगळे उडाले आणि आपापली सावली पाण्यात विसरून गेले, ती पांढरी सावली मागं थोडा वेळ तरंगत राहिली. हे मी वाढवून सांगत नाही. पलीकडे वावरवाले भाऊ अजून बांबू धरून उभे होते, कारण त्यांना कुणी 'पुरे' म्हटलंच नव्हतं. ते कमरेपासून वर दोन झाले होते.

काका उठले. "गनर," त्यांनी हाक मारली. "ये."

गनरनं हात धुतले, पुसले, आणि यंत्रापाशी वाकला. इतक्या वर्षांत त्यानं त्या नळीला डोळा लावलेला मी पाहिला नव्हता. काकांनी यंत्र बंद केलं, चालू केलं, बंद केलं, चालू केलं. काटा उठत होता, बसत होता.

"बांबूचं काय होते?"

"सरकते."

"किती?"

"एक हात."

"कोन सरकवते?"

गनरचा डोळा नळीलाच होता. पांढरी मिशी जराशी हलत होती, पण त्या उन्हात सगळंच हलत होतं.

"हवा," तो म्हणाला.

"मंग? पटलं?"

"पटलं."

काका हसले. हसता हसता त्यांनी कोटाच्या बाहीनं नाक पुसलं आणि तीच बाही चुकून काचेवर फिरवली, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मग भोंग्यातून वावरवाल्या भाऊंना म्हणाले, "पुरे! या! जेवाले या!" बाईंचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, तो पुढं कुठंही धाडला नाही. शेरा होता तिथंच राहिला. पण जिना उतरताना ते काकूंना म्हणाले, "झाडू आना. जाये काढून टाका सारे." काकू झाडू घेऊन आल्या, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, वीस जाळी काढली आणि सात नंबरचं ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यांत काका गच्चीवर जायचे ते यंत्राशिवाय. भर बाराला, मांडवाखाली खाट टाकून. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, "पाहून राह्यलो. खटला निपटला ना. आता नुस्ती पायतो तिले." आणि थोड्या वेळानं, अर्धवट झोपेत, "लय सुंदर खोटं बोलते."

पण त्या संध्याकाळचं राहिलं. गनरला गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो. ऊन उतरलं होतं, रुळांवर अजून थोडी हवा नाचत होती. गाडीला वेळ होता. मी कबूल केलं. म्हणालो, वावराला पाणी मारायला मीच सांगितलं होतं. भाऊंचं नाव झालं, पण 'मारा' म्हणालो मी, पाइप सरकवले मी. बाईंनी नुसतं ते ऊन पाहिलं असतं, त्या दिवशी तुमच्यासमोर होतं तसं, तर आज तुमच्या कागदावरचा डाग पुसला गेला असता.

गनरनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी येत होती तिकडे पाहिलं.

"त्या रोजी आभाय होतं," तो म्हणाला.